क्रूसला यमक

मे महिन्यात घर शाकारायला वर चढलो.
चौथ्या ओळीतलं एक कौल उलटं केलं
तर पोटावर खिळ्यानं कोरलेलं:
‘मरियेच्या बाळा, खांद्यावर क्रूस’
आणि पुढं रिकामं.
भट्टीत भाजून आणखी टणक झालेलं रिकामं.

अक्षर कायतानमामाचं.
खानापुरात कौलांच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं त्यानं साच्यात माती दाबली.
ओळ सुचली की कागद कुठला,
ओल्या कौलाच्या पोटावरच लिहायचा,
आणि भाजून निघालेली ओळ
गाडी जाईल त्या घरावर जायची.
नंदगडला, बिडीला, लोंढ्याला,
कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या मठावर.
एका कचेरीच्या छपरात म्हणे
त्याचा पिलात अजून हात धूत बसलाय.

उपवासकाळात दर शुक्रवारी
तिठ्यावरच्या खुरसापाशी बायका जमायच्या,
पियेदाद, सांतान, धाकटी रुजार,
आणि चाल आवडते म्हणून शेजारची बायाक्का.
मी पेटी धरायचो.
मामाच्या गाण्यात मरियेच्या कमरेला विळा असे,
नासरेथहून निघाली की ती मलप्रभा उतरून
पलीकडं भात कापून येई.
योसेफ सागवान तासे
आणि फॉरेस्टवाले त्याची पावती मागत.
पेत्रानं तीनदा ‘मी न्हवं’ म्हटलं,
एकदा मराठीत, एकदा कानडीत, एकदा कोकणीत.
कोंबड्याला तिन्ही कळल्या.

अडला तो क्रूसपाशी.
घरात आम्ही खुरीसच म्हणतो, त्याला तर जोडच नाही.
क्रूसला ‘माणूस’ होता तयार,
पण मामा म्हणाला, तो सगळ्यांचाच हाय.
आयतं यमक म्हणजे
चर्चच्या पायरीवरनं चुकून घातलेली
दुसऱ्याची चप्पल. चालतंय, पण चावतंय.
कापूस आमच्या बाजूला पिकत नाही.
तीन आठवडे ओळ लंगडी राहिली.
रात्री ट्रॅक्टर जायचे, मागं दोन-दोन ट्रॉल्या,
टेपवर कानडी गाणी,
आणि सकाळी रस्ताभर सांडलेली कांडी
पोरं दातानं सोलत शाळेला जायची.

चौथ्या शुक्रवारी तो पुढं झाला:
‘मरियेच्या बाळा, खांद्यावर क्रूस,
तहानेल्या ओठी कुणी लावा ऊस.’

बायकांनी एका दमात उचललं.
सांतान रडली. बायाक्का तर
ऊस म्हणताना हातच पुढं करायची.
फादर बाझिल धारवाडकडचे, मराठी नवीन.
ते व्हरांडा उतरून चालत आले.
‘कायतानबाब, शास्त्रात आंब लिहिलीय.
स्पंज भरून, काठीवर. ऊस कुठून आणला?’
मामानं टोपी काढली,
तिच्यातली कारखान्याची लाल धूळ झटकली.
‘उसाचा रस चार दिस ठेवा, फादर,
त्याचीच आंब होती.
आमच्या गाण्यात तो अजून
पहिल्याच दिवशी हाय.’

फादर काही बोलले नाहीत.
पुढच्या शुक्रवारी ते बायकांच्या मागं
एका धोंड्यावर येऊन बसले,
आणि सगळ्यांचा ऊस संपल्यावर
एकट्या त्यांचा ‘स’ थोडा वेळ चालू राहिला.

मामा गेला त्याला अकरा वर्षं.
भट्टीच्या धुराड्यात आता पिंपळ आहे.
हे कौल त्या तीन आठवड्यांतलं असणार,
म्हणजे आमच्या स्वैपाकघरावर
इतकी वर्षं त्याची अडचणच होती
आणि आम्ही तिच्याखाली जेवत होतो.
वाटलं, राहिलेली ओळ आपणच भरावी.
खिसा चाचपला, खिळा सापडला,
पण भाजल्या कौलावर नुसताच ओरखडा उठतो.
मग दिसलं, रिकाम्या जागेच्या कडेला
कुंभारणीनं चिखलाचं घर केलंय,
तोंड अजून ओलं.

खालून चहाची हाक आली.
घर न मोडेल अशा बेतानं
कौल होतं तिथं बसवलं,
अक्षरं चुलीकडं.