हातचा

वसमतच्या मोंढ्यात आज हळदीचा सौदा नव्हता.
गाळ्याचं शटर अर्धं ओढून लॅपटॉप उघडला,
तर पिवळी धूळ आधीच येऊन बसलेली,
एंटरच्या कळीवर जरा जास्तच.

सकाळी इरबाजी हमाल सांगून गेला होता:
"नवा काटा लई घाई करायलाय बगा.
पोतं टेकायच्या आधीच आकडा बोलतो.
जुना बरा होता, दम खायचा."
मी म्हटलं, असं कसं, दोन्हींत कोड एकच आहे.
"ते तुमचं तुमी बगा,"
म्हणत तो पुढच्या पोत्याखाली वाकला.

कोड एकच. माझ्याच हातचा.
एकूण वजनातून बारदाना वजा,
एवढंच त्याचं म्हणणं.
चिपा मात्र दोन: जुन्या काट्यात आठ बिटांची,
नव्यात बत्तीस.

काळ्या खिडकीत कमांड लिहिली
आणि तिच्यात डॅश, कॅपिटल एस.
म्हणजे कंपायलरला सांगायचं, इथवरच ये.
शून्य-एकच्या अंधारात उतरू नकोस अजून.
मधल्या पायरीवर बस आणि काय करणार आहेस
ते मला वाचता येईल असं लिहून दे.

जुन्या चिपेचं आधी काढलं.
तिला अख्खा आकडा एका घासात जात नाही.
खालचा अर्धा वजा करते,
मग वरचा अर्धा, हातचा ध्यानात ठेवून.
तिसरीत कऱ्हाळेबाई पाटीवर शिकवायच्या तसंच.
उसना घेतला की विसरायचा नाही,
विसरला की छडी.

नव्या चिपेची वजाबाकी एका ओळीत,
परतीची दुसरी ओळ, संपलं.
गंमत म्हणून लॅपटॉपचंही काढून पाहिलं:
तो आकडा आधी दुसऱ्या हातात घेतो, मग वजा करतो,
हमालानं खांदा बदलावा तसा.
उत्तर तिघांचं बरोबर.
मग घाई कोण करतंय?

खाली सरकत गेलो.
एका फंक्शनचं नाव मी ठेवलं होतं टेकू_दे.
आत पाच लाखांपर्यंत मोजणारा रिकामा फेरा,
बाकी काही नाही.
जुन्या चिपेच्या यादीत तो होता,
वाढव, तपास, मागं जा, वाढव, तपास.
नव्या यादीत नुसतं नाव
आणि नावाखाली एक ओळ: परत जा.

तेव्हा आठवलं. नव्या काट्यासाठी मीच
वेगाच्या हौसेनं डॅश ओ टू लिहिलं होतं.
कंपायलरनं पाहिलं असेल, हा माणूस मोजतोय
आणि मोजून त्याचं काहीच करत नाही.
काढून टाकलं.
त्याची चूक नाही. त्याला कोण सांगणार
की त्या रिकाम्या मोजण्यात
साठ किलोचं पोतं थरथर थांबवतं,
इरबाजीचा हात पोत्यावरून सुटतो,
आणि हात सुटायच्या आधीचं वजन
ना पोत्याचं असतं, ना हाताचं.

मोजणाऱ्या आकड्याआधी एक शब्द लिहिला, व्होलाटाइल.
याला हात लावू नको, कारण विचारू नको.
पुन्हा डॅश एस.
फेरा परत आला होता. आण, वाढव, ठेव,
पुन्हा आण, तपास.
ओळी मोजल्या, अकरा भरल्या.
आयुष्यात पहिल्यांदा प्रोग्राम लांबल्याचं बरं वाटलं.

चिपेत भरला, काटा चालू केला.
पोतं नव्हतं, इरबाजी नव्हता,
म्हणून चपलांसकट मीच उभा राहिलो.
पडद्यावर तीन आडव्या रेघा.
मी हललो, रेघा तशाच.
श्वास धरला.
मग आकडा आला, सदुसष्ट किलो सहाशे,
आणि खाली बारीक अक्षरांत:
बारदाना वजा, आठशे ग्रॅम.