उजवा दरवाजा

उद्यमनगरात सोमवारी लाईट नसते, शेड बंद.
म्हणून सोमवारीच काढलं पॅड.
हँडलमागं एक स्क्रू, आर्मरेस्टखाली दोन,
मग पट्टी घालून उचकटायचं, खालून वर.
सात क्लिपा निघाल्या, आठवी तुटली.
तुटणारच होती.

आत पॉलिथिन, काळा चिकट डिंक,
आणि जुना स्पीकर. कागद फाटलेला,
चुंबकाला लोखंडाचा कीस,
आमच्याच लेथचा,
अप्पांच्या बाह्यांवरून आलेला.

तीन वर्षं हा फाटका वाजत होता
अप्पांच्या उजव्या कानापाशी,
आणि अप्पा म्हणायचे, "झकास हाय की!"
त्या कानाशी त्याआधी
तीस वर्षं हॅमर वाजलेला.

नवा साडेसहा इंची. भोकं जुळेनात.
प्लायची रिंग कापली, कानशीनं घासली,
वायरला डाख दिला, बोट भाजून घेतलं.
लावला, तर बेसच गायब.
प्लस-मायनस उलटं झालेलं.
डावा बाहेर ढकलतोय, उजवा आत ओढतोय,
मधल्यामधे आवाज मरतो.
शेड विकायची का, यावर
आमच्या घरात जेवताना होतं तसंच.

वायर फिरवली.
अप्पा चपला बाहेर काढून आत बसले.
कान नाही लावला. पॅडवर
हात ठेवला, बोटं पसरून,
बेअरिंग तपासतात तसा.
"हां. आता सरळ फिरतंय."

एक क्लिप कमीच आहे अजून.
शिवाजी पुलावर दरवाजा खडखडतो.
मला ऐकू येतो.