मटार

कोपरखैरण्याचा दुकानदार म्हणाला,
नाकावरची चामडी निळी, म्हणजे नर.
बोलला तर हाच बोलेल, मादी नुसती चावते.
देशी पोपट मागू नका, त्याला बंदी आहे.
हा परदेशी, याची कुणाला पडलेली नाही.
पुठ्ठ्याचं खोकं, पेनाने पाडलेली भोकं.
जुईलीने रिक्षातच नाव ठेवलं: मटार.

आम्ही घणसोली गावठाणातले,
आता सेक्टरात, सातव्या मजल्यावर.
गॅलरीच्या जाळीतून बोटभर खाडी दिसते.
चोच घासायला माकुलाचं हाड
बाजारात कोळणीने फुकट दिलं. पाखराला? ने.

मी रबाळ्याच्या गोदामात, रात्रपाळीला.
खोकी मोजतो.
मोजायला बोलावं लागत नाही.

प तोंडाशी आला की माझे ओठ मिटतात
आणि मिटलेलेच राहतात.
पाणी जायच्या वेळी नळ घुमतो
तसं आत काहीतरी घुमतं, बाहेर थेंब नाही.
नेमकं माझं नाव प-नेच सुरू होतं.
बँकेत नाव विचारलं की मी कार्ड पुढे करतो.
लग्नात उखाण्याच्या वेळी
मला खोकला आला होता.

लहानपणी शेजारची येसूकाकू
आपल्या पोरांना माझ्याजवळून उठवायची.
तोतरेपणा लागतो म्हणे, गालगुंडासारखा.
म्हणून पहिले पंधरा दिवस मी पिंजऱ्यापाशी गप्प.
राळा घालायचा, वाटी धुवायची, खालचा कागद बदलायचा.
न जाणो,
एवढ्याशा जिवाला माझं काही लागलं तर.

दुपारी घरात दोघंच.
एकदा तो दांडीवरून सरकत सरकत आला, मान वाकडी,
आणि मी म्हणालो, काय रे.
मग म्हणालो, पेरू खाणार?

पेरू.
अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा
आणि सपाट जमीन लागावी, तसं झालं.

मग रोज बोललो.
गोदामातल्या उंदरांचं बोललो, मुकादमाचं,
आमच्या खाचरावर आता जी गाड्यांची शोरूम आहे तिचं.
मी पद्माकर भोईर, म्हणायचो.
मी पद्माकर भोईर, घणसोली.
चवीचवीने, कुणी वाढावं आणि पुन्हा मागून घ्यावं तसं.

तीन महिन्यांनी मटार बोलला.
पहिलं वाक्य लिफ्टमधल्या बाईचं:
कृपया दरवाजा बंद करें.
जुईली हसून हसून सोफ्यावरून खाली.
पिंजऱ्याचं दार उघडलं तरी तेच म्हणतो,
आणि बाहेर येत नाही.

मग एका रविवारी
उशीखाली रेडिओ चालू राहिल्यासारखं, बारीक, भरभर:
मी पद्माकर भोईर घणसोली पेरू खाणार मी पद्माकर भोईर
कुठे खाच नाही, कुठे ठेच नाही.

वनिता ओट्यापाशी कोळंबी सोलत होती.
कोण आलंय, म्हणाली.
मग ओले हात तसेच धरून पिंजऱ्यासमोर उभी राहिली.
एकवीस वर्षं झाली लग्नाला.
हे कधी बोलता तुम्ही?
रागाने नाही. पण रागाच्या अगदी जवळून.

दुपारी, एवढंच सांगायचं होतं.
मी द-वर अडकलो.
ती थांबली.
पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत गेलं.

काल कुरियरवाल्याचा फोन.
पूर्ण नाव सांगा.
मी फोन पिंजऱ्याला लावला. चल, सांग.
मटारने एक दाणा सोलला,
टरफल माझ्या मनगटावर टाकलं
आणि पंखात चोच खुपसून बसला.
हॅलो, पलीकडून. हॅलो.
मी फोन कानाला घेतला. ओठ मिटले.
खाली कुणीतरी लिफ्टचं दार उघडं टाकलं होतं,
ती बाई सांगत होती, पुन्हा पुन्हा,
आता मटारही तिच्यासोबत सांगू लागला.
फोन अजून चालू होता.