वॉर्ड सहा, कार्ड चौदावं

मी खुर्ची दाखवली.
एम्ब्रोज डिप्लॉक खुर्चीकडे बघत राहिला,
लग्नात भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा,
चेहरा ठाऊक, नाव काही केल्या आठवेना.

कंगवा दाखवला. किल्ली. कप.
ओठ हलले, जीभ टाळूला लागून परतली,
शब्द फुटला नाही.
चौकटीत शून्य. पुढच्या चौकटीत शून्य.
झटका येऊन अठरा दिवस झालेले.
बाहेर ससेक्सचा फेब्रुवारी
काचेला ओलं नाक लावून उभा.

चौदावं कार्ड : झुडपांचं कुंपण.
अपेक्षित उत्तर : कुंपण.
झाडं म्हणाला तर अर्धा गुण.
उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
त्यानं डाव्या हाताचं बोट उचललं,
चित्राच्या अगदी तळाशी टेकवलं,
जिथे छापताना शाई जरा विटली होती,
आणि खणखणीत म्हणाला,
"स्म्यूज."

मी लिहिलं : निरर्थक ध्वनी.
शून्य.

दुसऱ्या दिवशी तीच गत.
पावसानंतरचं शेत : "क्लॉजी."
गोठ्याच्या दारातली गाय : "स्टोच."
खांद्यावर फावडं घेतलेला माणूस : "बीझल्ड,"
आणि हसला, चालत होता तेवढ्या अर्ध्या चेहऱ्यानं.

मी लेस्टरची. सतरा वर्षं
लोकांना चमचा परत देते, दार परत देते,
एका पोस्टमनला त्याच्या बायकोचं नाव परत दिलंय.
निरर्थक ध्वनी मला कळतात.

शुक्रवारी मुलगी आली, मेरियल.
माझा कागद वाचला आणि हसत सुटली,
नर्स डोकावून गेली इतकी.
मग थोडी रडली.
मग दुकानाची वाट सांगावी तसं सांगू लागली.

स्म्यूज म्हणजे कुंपणाच्या बुडाशी
जाऊन-येऊन सशानं पाडलेली वाट.
नुसतं भोक नाही हो, भोक कुणीही पाडतं.
हे रोजच्या अंगानं घासून गुळगुळीत झालेलं,
काट्याला एखादा करडा केस.
बाबा साठ वर्षं कुंपणं विणत आले,
स्म्यूज दिसलं की तेवढं सोडून विणायचे.
शेताचे मालक शिव्या घालायचे.
क्लॉजी म्हणजे बूट ओढून घेणारी पायवाट.
स्टोच, गुरांनी तुडवून तुडवून रेंदा करणं.
"आणि बीझल्ड?"
"ते तुम्ही," ती म्हणाली, "आत्ता.
दमून चिपाड झालेल्या."

अकराच्या खाली गुण असले
तर माणूस घरी जात नाही,
तसा नियम आहे आमच्याकडे.
त्याचे भरत होते आठ.
मी रात्री उत्तरपत्रिका पुन्हा काढली.
शून्य मोठं चिवट अक्षर, त्याचं दुसरं काही होत नाही.
आडवी रेघ मारली, शेजारी एक लिहिला,
चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी सही.

वरिष्ठांनी बोलावलं.
हे कुठल्या भाषेतले शब्द?
इंग्रजी, मी म्हणाले.
मला नाहीत माहीत.
मलाही नव्हते.
ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसले.

निघायच्या दिवशी कार्डं पेटीत होती.
त्यानं माझ्याकडेच बोट केलं : "शीअर्स."
मेरियल लाजेनं लाल झाली.
परमुलखातली, ती पुटपुटली,
आमच्या हद्दीपलीकडून आलेली कुणीही,
फारसा कौतुकाचा शब्द नाही तो, माफ करा.

मी वही उघडली.
व्यक्ती ओळखली : पूर्ण गुण.

खुर्ची मात्र त्याला शेवटपर्यंत आली नाही.
चाकं लावलेल्या एकीवर बसूनच
तो लिफ्टमध्ये गेला,
तिचं नाव न घेता.