दोनदा मी

खाली स्वयंपाकघरात बिल्लानं, माझ्या सासूनं, रिसीव्हर उचलला
पलीकडच्या बेटावर बहिणीला सांगायला
की हरवलेली मेंढी घळीत सापडली,
आणि वर माझा मोडेम खरखरला, दिवा विझला.
ओळ अर्धीच राहिली.
तीनशे बारावा कॉड.

मेंढीची गोष्ट वीस मिनिटं चालली.
कोणती घळ, कानाला कोणती खूण,
कुत्रा आधी भुंकला की हानुस आधी ओरडला.
घाईनं संपवावी अशी ती बातमी नव्हतीच,
मीही खाली जाऊन काही बोलले नाही.
छपरावरचं गवत वाऱ्यानं एका अंगावर झोपलं होतं.

मग नंबर फिरवला. एंगेज. फिरवला.
तो ओळखीचा किंचाळा,
नाव, पासवर्ड,
आणि आर्हुसच्या यंत्राला विचारलं, आत कोण कोण आहे.
एस्किल.
रान्व्हा.
रान्व्हा.

एक आत्ता आलेली.
दुसरी बावीस मिनिटं गप्प.

त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
तार तुटल्याची बातमीही तारेवरूनच जायची असते.
त्याच्या लेखी मी होते तिथंच,
कळांवर बोटं टेकवून विचारात पडलेली,
आणि ते थांबलं होतं पुढच्या अक्षरासाठी,
दावं सुटल्याचं न कळलेल्या जनावरासारखं.

फाईल उघडायला गेले.
नाही म्हणालं. दुसरं कुणी वापरतंय.
कोण?
तूच.

काय करायचं ते पाठ होतं. क्रमांक शोधायचा, मारायचं.
आधी सभ्यपणे, नाहीच ऐकलं तर नऊ आकडा लावून;
नवापुढं कुणाला विनवणी करता येत नाही.
माझ्याआधी हे काम करणारी सुन्निवा सांगायची,
बसतानाच स्क्रीन चालू करून त्याच्या आत बस गं,
मग तार तुटली तरी खोली शाबूत राहते,
दार तेवढं पुन्हा उघडायचं.
आज बसले नव्हते. रोज म्हणते, बसेन.

सभ्यपणे ऐकलं नाही तिनं.

यादीत मी एकटी उरले.
थोडा वेळ काहीच टाइप केलं नाही.
कोण जाणे, हिलाही कुणी पलीकडून बघत असेल,
गप्प बसल्याची मिनिटं मोजत.

यंत्रानं जपलेली प्रत मिळाली,
तीनशे अकराव्या माशापर्यंत.
पुढची ओळ त्या दुसरीबरोबर गेली.

म्हणून डबीतून ते हाड पुन्हा काढलं,
कॉडच्या कानातलं, भोपळ्याच्या बीएवढं.
भिंगाखाली धरलं. हिवाळ्यागणिक एक कडं.
दाट, फिकट, दाट.
नऊ भरली.
मघाशी मी आठ लिहिलं होतं ना?
की नऊच?

खालून बिल्लाची हाक आली, झाला गं माझा फोन.
हो, म्हटलं,
आणि आतल्या कड्यापासून पुन्हा मोजायला लागले.