दोन ॲट

गुणाजी वळवईकर, दिवाडीचे निवृत्त पोस्टमन.
मीच म्हटलं, काका, इथं या.
इथं मालक नाही, जाहिराती नाहीत, सगळं मुक्त.
"फुकट?"
"नव्हे, मुक्त."
फरक सांगेपर्यंत एक फेरीबोट सुटली.

पहिलाच प्रश्न आला: सर्व्हर निवडा.
यादी संपेना. काका चष्मा पुसत म्हणाले,
"म्हणजे गाव बघायच्या आधी घर घ्यायचं?"
मी माझाच सर्व्हर दिला.
मंजुरी यायला तीन दिवस.

आत गेले तर सगळं सामसूम.
त्यांना फक्त कायतान हवा होता,
मळारचा, हल्ली स्विंडनला असतो तो.
शोधलं. असं कोणी नाही.
नावाआधी एक ॲट, सर्व्हरआधी दुसरा,
मी समजावलं, जरा चिडूनच.

काका फोन उलटा ठेवून म्हणाले,
"एकदा पाकिटावर नुसतं होतं:
मांयक, खुरसाकडे, दिवाडी.
आता दिवाडीत खुरीस काय थोडे?
पण एक म्हातारी रोज पायरीवर बसायची,
माझी सायकल वळेपर्यंत.
तिला दिलं. तिचंच होतं."

रात्री मी नवख्यांसाठीची माहिती काढली,
गेल्या वर्षी मीच लिहिलेली.
पहिली ओळ: हे अगदी सोपं आहे.
ती खोडली.
तिथं काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.

काकांचं खातं आहे तसंच.
फोटोच्या जागी राखाडी गोल,
आणि एकच नोंद, जी बहुधा मलाच दिसते:
"कायतान, पोचलं काय?"