एक मासा चांदी

अठराव्या दिवशी दोडीच्या शेडात
पिल्लं पंख सोडून बसली.
मथुराबाई सांगळे घमेल्यात सात घेऊन आल्या,
वर गोणपाट,
शेजारच्या शेडवाल्याला दिसू नये म्हणून.

मी सातही फाडली.
काळजावर दह्यासारखी साय. लिव्हरवरही तीच.
"मागच्या बॅचला दिलं तेच औषध," त्या म्हणाल्या,
"फक्त डोस वाढवत गेलो."

नाशिकला लॅबमध्ये काचेच्या बशीत जिवाणू पसरले,
वर औषधांच्या टिकल्या ठेवल्या.
सकाळी पाच टिकल्यांना खेटून
ते गवतासारखे दाट.
सहावीभोवती मात्र रिकामं वर्तुळ,
कुणी सारवून घेतल्यासारखं.

सहावी चांदीची.
म्हणजे दिसणारी चांदी नव्हे,
कडुनिंबाच्या काढ्यात विरलेली,
चिंचेच्या कोळाच्या रंगाची.

माझे वडील झारेकरी.
सराफ बाजारातल्या गटाराचा गाळ
पहाटे पाटीत घोळवायचे,
पाणी सोडायचे, पाटी हलवायचे, पुन्हा पाणी,
तळाला उरलेली चिमूट
कागदात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात.
शाळेच्या फॉर्मवर मी लिहायचे:
वडिलांचा धंदा, सराफी.

त्यांना सांगितलं, मी कोंबड्यांना चांदी पाजते.
हसले नाहीत.
"किती?"
"दोनशे लिटरच्या टाकीला एक मासा."
"आणि प्याल्यावर जाते कुठे?"
थोडी आतड्यात. थोडी विष्ठेत.
विष्ठा तुसात, तूस कांद्याच्या वावरात.
"आणि वावरातून?"
"ते अजून मोजतोय, अण्णा."
त्यांचा हात रिकाम्या हवेत पाटीसारखा हलला.
"एवढी बारीक केलीस,
आता घोळवणार कोण?"

शेडात मधोमध जाळी आहे.
डावीकडे चांदीचं पाणी, उजवीकडे साधं.
मथुराबाई विचारतात, निम्म्यांनाच का?
तुलनेसाठी, मी म्हणते.
त्या उजवीकडे बघत राहतात
आणि पदराने निपलवरचा थेंब उगाच पुसतात.

रजिस्टरमध्ये आजची मर:
डावीकडे दोन. उजवीकडे नऊ.
उद्या पुन्हा मोजायचं,
परवा पुन्हा.
निघताना डावीकडचं मूठभर तूस घेतलं.
पिशव्या गाडीतच राहिल्या होत्या,
म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलं
आणि एप्रनला आतला खिसा नसतो,
हे हात आत गेल्यावर लक्षात आलं.